पावणेतीन तासांची फेरी

आमच्या सान हासिंतो गावात एकदा जोडीने नाचायची एक दान्सा पावणेतीन तास चालली आणि तेवढ्या वेळात एकही माणूस नाचला नाही. पाय मात्र सगळ्यांचे सुजले. गावातल्या बड्या लोकांच्या मंडळाच्या दिवाणखान्यातली लाकडी जमीन अजून तिथेच आहे. भिंतीच्या कडेने तिच्यात जो वाटोळा चर पडलाय, तो त्या दिवशीचा. मंडळाचे लोक म्हणतात, पाणी मुरून लाकूड बसलं. म्हणोत बापडे. माझा खालचा ओठ त्या दिवसापासून डावीकडे झुकलाय, तो काही पाणी मुरून नाही.

मी बोंबार्दिनो वाजवायचो. पोटाशी धरून फुंकायचा पितळी भोंगा तो. नावातच बोंब आहे. त्याशिवाय आमच्याकडे दान्सा होत नाही. आणि दान्सा वाजवावी ती तेलेस्फोरो बिस्कारोंदो मास्तरांच्या हाताखाली. पियानोवर बसून, नुसत्या भुवईने सात वाजवणाऱ्यांना हाकणारा असा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. तसा शिव्या देणाराही दुसरा नव्हता. त्यांची आई तोमासा नदीवर धुणं धुवायची. मंडळाचे टेबलपोस तिच्याच दगडावर आपटले जायचे. मास्तरांनी देवळातल्या ऑर्गनवर बोटं बसवली, मग साखरेच्या जहाजावर चढून बार्सिलोनाला गेले, आणि सात वर्षांनी परतले ते एक पेटीभर वह्या आणि कुणालाही माफ न करायची सवय घेऊन.

एकदा पोन्से शहरात एका इटालियन संगीत नाटक कंपनीचा वाद्यवृंद ते चालवत होते. गायक सूर सोडून भलतीकडे गेला. मास्तरांनी हात वर करून सगळी वाद्यं थांबवली, प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हे गृहस्थ परत येईपर्यंत आपण बसू." खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि एकेक फोड सावकाश खाल्ली. शेवटची फोड संपेस्तोवर गायक सुरात आला होता आणि रडत होता.

अशा माणसावर गाव काय प्रेम करणार? बोटं सोन्याची आणि तोंड गटाराचं, असं बायका म्हणायच्या. मंडळाचे पुरुष काही म्हणायचे नाहीत, ते फक्त त्यांना स्वयंपाकघराच्या दाराने आत घ्यायचे. वाजवणाऱ्यांसाठी तेच दार होतं. मास्तर काळ्या कोटात, हातमोजे घालून, कोंबड्यांची पिसं तुडवत आत यायचे, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलायचे आणि दिवाणखान्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मीठ कमी." चव न घेता. दर वेळी.

आता आमचा रिवाज सांगतो, कारण सगळं त्यावरच फिरलं. दान्साला दोन भाग. आधी फेरी: जोडपी हात धरून दिवाणखान्याभोवती चालतात, पंखे हलतात, एकमेकांच्या घरच्या चौकशा होतात. लहानसा तुकडा असतो, दोनदा वाजवायचा. मग वाद्यं श्वासभर थांबतात, पुरुष वाकून नमस्कार करतो आणि मेरेंगे सुरू होतो. तेव्हा कमरेला हात, तेव्हा नाच. फेरीत नाचायचं नाही. फेरीत ठेका धरून पाऊल टाकतात त्या बंदरावरच्या गुत्त्यातल्या बाया. सान हासिंतोत एका चांगल्या घरच्या मुलीचा घोटा फेरीत चुकून थिरकला होता. तिच्या सांत्वनाला येणाऱ्यांची रांग तीन दिवस संपत नव्हती आणि शेवटी ती मठात गेली.

दुसरा रिवाज: दान्सा कुणाची, हे कागदावर ठरत नाही. आमच्याकडे कागद वाळवी खाते. मंडळात नाव पुकारून जी दान्सा पहिल्यांदा नाचली जाते, ती त्या नावाची. मग गावाचा संत सान हासिंतो स्वतः देवळातल्या खांबावरून उतरून म्हणाला की ती दुसऱ्याची आहे, तरी उपयोग नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये तोमासा गेली. मास्तर रडले नाहीत, दोन महिने कुणाला शिव्याही दिल्या नाहीत, म्हणून आम्ही घाबरलो होतो. मग जूनमध्ये त्यांनी एक दान्सा रचली. नाव ठेवलं 'तोमासा'. त्यांची पद्धत अशी की फेरी कागदावर उतरवायची आणि मेरेंगे डोक्यात ठेवायचा. भोंग्याचा भाग माझ्या डोक्यात. नदीकाठी, तिच्याच दगडावर बसून त्यांनी तो मला गुणगुणून घोटवला. चुकलो की डोक्यावर टपली. "फुग्या, हे धुणं आहे. पिळ, सोड, पिळ, सोड. गाल काय फुगवतोस नुसते!"

मंगळवारी आणि शुक्रवारी ते लेओन्सियोला पियानो शिकवत. लेओन्सियो म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा अनाक्लेतो उर्रुतियाशेठ यांचा मुलगा. स्पेनमध्ये कादिसला कायदा शिकायला गेला होता, तिथून मिशांना मेण लावायला शिकून आला. एका शुक्रवारी शिकवणी झाली आणि पियानोवरचा 'तोमासा'चा कागद गेला. मास्तरांना आधी वाळवीचाच संशय आला. मंडळाचा जर्मन पियानो आतून इतका पोखरलेला होता की खालचे सूर दाबले की भुसा उडायचा. मी शपथेवर सांगतो, शेवटी शेवटी ती वाळवी ठेक्यात खायची. पण वाळवी पूर्ण कागद नेत नाही. पंधरा दिवसांनी मंडळाच्या दारावर पाटी लागली: सान हासिंतोच्या सणाला नवी दान्सा, 'राजनिष्ठा', रचना लेओन्सियो उर्रुतिया.

नाव हुशारीने ठेवलं होतं. ते वर्ष वाईट होतं. बेटावर राज्य स्पेनचं, आणि ते सरकार सगळीकडे बंडखोर बघत होतं. गावात नवा कप्तान आला होता आणि त्याचा हुकूम होता की देवळातली सांजघंटा झाली की एका छपराखाली पाचांपेक्षा जास्त माणसं दिसली तर सगळी आत. 'राजनिष्ठा' वाजवायला जो नाही म्हणेल, त्याचं काय होईल हे सांगावं लागत नव्हतं.

मास्तर शेठच्या घरी गेले. मी फाटकापाशी उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. शेठ झुलत्या खुर्चीत बसून चिंचेचं सरबत पीत होते.

"शेठ, तुमच्या मुलाने माझा कागद नेलाय."

"कागद? अरे, मग एवढ्यासाठी उन्हातून आलास? दिवाणजी, याला एक दस्ता द्या."

"त्यावर लिहिलेलं हवंय मला."

"लिहिलेलं तुझं, असं कोण सांगणार? तुझी आई?"

"ती मार्चमध्ये गेली."

"मग तीही नाही," शेठ म्हणाले आणि सरबताचा घोट घेतला. "हे बघ तेलेस्फोरो. तुझ्या नावाने ती कोण नाचणार? धोबिणीच्या नावावर कुणाची बायको पाऊल टाकणार? माझ्या मुलाच्या नावाने ती स्पेनपर्यंत जाईल. मेहेरबानी समज."

"आणि मी नाही वाजवली तर?"

"तर कप्तानसाहेबांना तुला भेटायला फार आवडेल."

मास्तर परत निघाले. पुलावर थांबले, नदीत थुंकले, मग वरच्या बाजूला आईचा दगड आहे हे आठवून पुलाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडे पुन्हा थुंकले.

तालमीला लेओन्सियोने स्वच्छ अक्षरात नकलून आणलेले कागद वाटले. त्यावर फेरी होती, दुसरं काही नव्हतं. त्यात त्याची फार चूकही नाही. बड्या घरच्या मुलांच्या दान्सा अशाच व्हायच्या. साहेब शीळ घालून सुरुवात दाखवायचे, पुढचा मेरेंगे मास्तर आणि भोंगेवाला जमवून घ्यायचे, नाव साहेबांचं. फेरीच्या शेवटी त्याने दोन टिंबं दिली होती. दोन टिंबं म्हणजे पुन्हा वाजवा. किती वेळा, ते लिहिलेलं नव्हतं.

मास्तर त्या टिंबांकडे बराच वेळ बघत राहिले. मग लेओन्सियोला म्हणाले, "अगदी असंच वाजवायचं ना, साहेब? जसं लिहिलंय तसं?"

"अगदी तसंच. तुमची कारागिरी मध्ये नको."

"ऐकलंत?" मास्तर आमच्याकडे वळले. त्या वर्षात पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "साहेबांचा हुकूम. एक स्वर जास्त नाही, एक कमी नाही. फुग्या, डोक्यात असेल ते डोक्यात ठेव."

सणाच्या दिवशी, सांजघंटेच्या हुकमामुळे, नाच दुपारी ठेवला होता. ऑगस्टचं ऊन, खिडक्यांना पडदे, पुरुष लोकरी कोटात, बायका कमरेला करकचून आवळलेल्या. मास्तरांनी पातेल्याचं झाकण उचललं, मीठ कमी असल्याचं जाहीर केलं आणि पियानोवर बसले. चारच्या सुमारास उर्रुतियाशेठ दिवाणखान्याच्या मधोमध आले. त्यांनी पुकारलं: 'राजनिष्ठा', माझ्या चिरंजीवांची रचना, कप्तानसाहेबांना अर्पण. टाळ्या झाल्या. कप्तानाने शेठच्या पत्नीचा हात धरला आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

मास्तरांची भुवई हलली. फेरी सुरू झाली.

काय फेरी होती ती! चालता चालता माणसाला आपल्या मेलेल्या माणसांची आठवण यावी आणि तरी चालत राहावंसं वाटावं, अशी. दोनदा झाली. पुरुष वाकायच्या बेतात आले. दोन टिंबं. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून उचलली. पुरुष अर्धे वाकलेले पुन्हा सरळ झाले आणि चालू लागले. लोकांना वाटलं, नवी पद्धत असेल, कादिसची. पाचव्यांदा बायकांच्या गप्पा संपल्या. दहाव्यांदा ज्यांचं आपसांत बोलणं नव्हतं त्यांनाही बोलावं लागलं. त्या फेरीत दोन लग्नं ठरली, त्यातलं एक भिंतीवरच्या कॅथेड्रलच्या तसबिरीखालून तिसऱ्यांदा जाताना मोडलं आणि बाहेरच्या दारापाशी पुन्हा ठरलं.

तुम्ही विचाराल, लोक बसले का नाहीत. बसणार कसे? कप्तान चालत होता. त्याच्या आधी बसणं म्हणजे 'राजनिष्ठा' अर्ध्यावर सोडणं. आणि कप्तान का बसला नाही? तो स्पेनमधल्या गालिसियातून येऊन तीनच आठवडे झाले होते. त्याला वाटलं, ही सणाची प्रदक्षिणा आहे. पाऊण तासानंतर तो प्रत्येक वळणावर छातीवर क्रूस काढू लागला, आणि तो काढतो म्हणून मागचे सगळे काढू लागले.

शेठ कप्तानाला ऐकू जाणार नाही असे पियानोपाशी आले.

"पुरे झाली फेरी. मेरेंगे घे."

"कुठला, शेठ?" मास्तरांची बोटं चालूच होती.

"याच दान्साचा!"

"कागदावर नाही."

"मग तुझ्या मनाने घे, नेहमी घेतोस तसा!"

"माझं मन? 'राजनिष्ठे'त? छे. रचनाकार साहेब म्हणाले, कारागिरी नको. साक्षीदार आहेत सात. फुग्या, म्हणाले ना?"

माझं तोंड भोंग्यात होतं. मी मान डोलावली.

"मी तुझी बोटं तोडीन, तेलेस्फोरो."

"मग फेरीही थांबेल, शेठ. कप्तानसाहेबांना काय सांगाल?"

शेठच्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. दुसरी दान्सा वाजवायला सांगितली तर ही नाचलीच गेली नाही, असं होणार. घंटेपर्यंत फेरीच चालली, तरी तेच. न नाचलेली दान्सा कुणाचीच नाही. मास्तरांना जिंकायला काही करायचंच नव्हतं. फक्त साडेसहाच्या घंटेपर्यंत वाजवत राहायचं होतं.

शेठ बायकोजवळ गेले, तिच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले आणि दातांतून म्हणाले, "नाच."

"काय?"

"नाच म्हणतो! पाऊल टाक. तू टाकलंस की सगळे टाकतील."

"फेरीत?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की वाद्यांवरून ऐकू आलं. "फेरीत नाचू? मी? बंदरावरून आणलीत का मला?"

मग त्यांनी मुलीला सांगितलं. ती रडायला लागली. चुलतभावाला सांगितलं; त्याची बायको म्हणाली, "हे नाचले तर उद्यापासून यांना बंदरावरच जेवायला पाठवते." त्या दिवाणखान्यात शेठच्या शब्दाला हो म्हणणारी चाळीस माणसं होती, पण फेरीत नाचणारं एकही नव्हतं.

साडेपाच झाले. सहा झाले. माझा ओठ वांग्यासारखा झाला होता. सनईवाला डोळे मिटून वाजवत होता. तो झोपेत होता हे आम्हाला नंतर कळलं. वाळका भोपळा खरवडून ठेका धरणाऱ्या पांचोचा तो भोपळा आरपार झिजला आणि तो आपल्या शर्टाची बटणं खरवडू लागला. पियानोतून भुसा उडून मास्तरांच्या काळ्या कोटावर साचला होता. त्यांच्या कानामागून घाम वाहत होता, पण बोटं तशीच. नदीवरचं धुणं, मी मनात म्हणत होतो. पिळ, सोड. पिळ, सोड.

साडेसहा वाजले. घंटा झाली नाही.

पावणेसात व्हायला आले, सूर्य डोंगरामागे गेला, घंटा नाही. शेठ खिडकीपाशी उभे राहून मास्तरांकडे बघून हसत होते. त्यांनी दिवाणजीला रमचा बुधला देऊन घंटा वाजवणाऱ्या सिलव्हेरियोकडे पाठवलं होतं: आज घंटा वाजवू नकोस. हुकूम घंटेचा होता, सूर्याचा नव्हता. मास्तरांना कळलं. मी त्यांची मान पाहत होतो. ती पहिल्यांदाच जराशी खाली गेली. आम्ही आणखी दहा मिनिटंही टिकणार नव्हतो. एक जण कोसळला की वाद्यं थांबणार, आणि वाद्यं थांबली की कुणीतरी भलता मेरेंगे उचलणार, कुठलाही, आणि लोक सुटकेच्या आनंदात नाचणार. 'तोमासा' जन्मभराची 'राजनिष्ठा' होणार.

तेव्हा भिंतीपाशी पंखा आपटल्याचा आवाज झाला.

ती एर्मेलिंदाबाई. शेठची आई, वय चौऱ्याऐंशी. दर सणाला ती एकच मेरेंगे नाचायची. फेरीत पाय वाया घालवायची नाही, खुर्चीत बसून वाट बघायची. आज ती पावणेतीन तास वाट बघत होती.

"थांबवा," ती म्हणाली. कप्तान थांबला. सगळे थांबले. मास्तरांनी हात उचलले. ती शांतता इतकी मोठी होती की पियानोतली वाळवी ऐकू येत होती.

"लेओन्सियो, इकडे ये. ही तुझी ना रे?"

"हो, आजी."

"मग मेरेंगे गुणगुण. तू गुणगुण, हे वाजवतील. मला नाचायचंय, आणि मला फार वेळ नाही."

"आजी, सगळ्यांसमोर..."

"गुणगुण!"

लेओन्सियोने मिशी ओढली आणि गुणगुणायला लागला. फेरीच होती ती.

"ते झालं, बाळा. तीन तास तेच झालं. पुढचं."

तो घामाने भिजला. डोळे मिटले. आणि पोटातून जे पहिलं आलं ते गुणगुणला. दुसऱ्याच ओळीला कप्तान ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. स्पेनच्या राजाची सलामीची धून होती ती. मग काय, सगळ्यांनाच सुजलेल्या पायांवर ताठ उभं राहावं लागलं, धून संपेपर्यंत, आणि लेओन्सियोला मध्येच थांबायची हिंमत होईना.

ती संपल्यावर म्हातारी म्हणाली, "हे राजाचं आहे. राजाकडूनही चोरलंस?"

पांचो पहिला हसला. मग पडद्यामागचे वाढपी. मग, देवाशपथ, शेठची बायको.

"आई, घरी चल," शेठ म्हणाले.

"तू गप्प बस. लेओन्सियो, तुझी आहे?"

"नाही, आजी."

"कुणाची?"

त्याने मास्तरांकडे बोट दाखवलं. म्हातारी वळली. "नाव काय तिचं?"

मास्तर उभे राहिले. तीन तासांनी त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. "तोमासा."

"तोमासा," तिने पंखा उंच धरून पुकारलं. "तेलेस्फोरो बिस्कारोंदोची रचना. वाजव."

"जो या धोबिणीच्या नावावर नाचेल," शेठ ओरडले, "त्याने उद्यापासून या मंडळाची पायरी चढायची नाही! आणि माझ्या घरचीही!"

कुणीही हललं नाही. पुरुषांनी खिशात हात घातले, बायका जमिनीकडे बघू लागल्या. म्हातारी मधोमध एकटी उभी होती, हात पुढे केलेला, आणि तो हात धरायला चाळीस माणसांत कुणी नव्हतं. न नाचलेली दान्सा कुणाचीच नाही. शेठना ते माहीत होतं. मास्तरांनाही.

मास्तर मला म्हणाले, "फुग्या, डोक्यातलं काढ." आणि पियानो सोडून ते पुढे आले. स्वयंपाकघराच्या दाराने आत येणारा माणूस मंडळाच्या जमिनीवर आला, वाकला, आणि शेठच्या आईचा हात धरला.

मी फुंकलं. ओठ फाटला, रक्त भोंग्यात गेलं, पण मेरेंगे बाहेर आला. सारंगीवाले माझ्या मागून आले. म्हातारी नाचली. पाठ ताठ, मान तिरकी, स्कर्ट दोन बोटांत धरलेला. मी पुष्कळ नाचणाऱ्या बघितल्या, तसं पाऊल पुन्हा नाही बघितलं.

"घंटा!" शेठ किंचाळले. "घंटा वाजवायला सांगा!"

दिवाणजी धावला. देवळाचं दार आतून बंद होतं आणि सिलव्हेरियो रिकामा बुधला उशाशी घेऊन घंटेखाली झोपला होता. त्याला जागं करण्यासाठी दारावर दगड मारले, दोन बंदुका उडवल्या. त्या रात्री घंटा झालीच नाही; दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. इकडे 'तोमासा' पहिल्यापासून शेवटपर्यंत नाचली गेली, आणि संपल्यावर कप्तानाने टाळ्या वाजवल्या, कारण त्याला वाटलं, प्रदक्षिणा पूर्ण झाली.

एक गोष्ट मात्र गावाला त्याच दिवशी कळली. सगळा किनारा ज्यांनी नाचवला, त्या मास्तरांना नाचता येत नव्हतं. जन्मभर ते पियानोकडे तोंड करून बसलेले. त्यांनी म्हातारीच्या पायावर चार वेळा पाय दिला, चारही वेळा ठेक्यात.

ती लंगडत खुर्चीपाशी गेली, पंख्याने त्यांच्या छातीवरचा भुसा झटकला आणि म्हणाली, "दान्सा तुझी आहे, हे पटलं. हे पाय कुणाचे चोरलेस?"

मास्तरांनी हातमोजे चढवले आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. आम्ही सात जण त्यांच्यामागे. शेठ दारात उभे होते. मास्तर थांबले. मला वाटलं, आता ठोसा.

"मीठ," मास्तर म्हणाले, "आजही कमीच होतं."

नंतर त्यांनी पोन्सेत बिऱ्हाड केलं आणि मरेपर्यंत सान हासिंतोत पाऊल ठेवलं नाही. पण 'तोमासा' छापली गेली, त्यांच्या नावाने, आईच्या नावाने, आणि दर वर्षी सणाच्या आठवड्यात एक प्रत उर्रुतियाशेठच्या पत्त्यावर टपालाने यायची. शेठ ती अंगणात जाळायचे. मंडळाच्या भिंतीवर मात्र दुसऱ्याच आठवड्यात काचेच्या चौकटीत एक नवा नियम लागला, तो अजून तिथेच आहे: फेरी दोनदाच वाजवावी. खाली सही उर्रुतियाशेठची आहे, आणि शाई अशी दाबलेली की कागद दोन ठिकाणी फाटलाय.